राखणदाराची बाटली

समस्त नाहूरकरांस, विशेषतः आमच्या इमारतीच्या ए आणि बी विंगमधील रहिवाशांस, अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, चौथ्या मजल्यावरील कै. तात्या यांनी आपल्या अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात दारूचा एकही थेंब घेतलेला नव्हता. ज्यांना ही बातमी धक्कादायक वाटेल त्यांनी कृपया जिन्याचा कठडा धरावा. ज्यांना ती खोटी वाटेल त्यांनी माझ्या दारावर यावे. मी घरीच आहे.

ही नोटीस मी तात्यांच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली. तासाभरात कमिटीने ती काढली. कारण काय, तर परवानगी घेतली नव्हती. मी सेक्रेटरींना विचारलं, "तात्या पितात असं दोन वर्षं जिन्यात बोलायला कोणी परवानगी घेतली होती?" ते म्हणाले, "ते तोंडी होतं ना." या उत्तरावर मी खाली कोसळलो नाही, याचं श्रेय माझ्या रंगभूमीवरच्या अनुभवाला आहे. आता तीच नोटीस इथे छापतो आहे. काढा म्हणावं.

तात्या पालिकेत चावीवाले होते. उपनगरात पाणी आपोआप येत नाही. रस्त्यातलं झाकण उघडून कोणीतरी लोखंडी चावी फिरवतो, तेव्हा ते येतं. भांडुपपासून मुलुंडपर्यंतच्या किती गल्ल्यांची सकाळ तात्यांच्या मनगटातून सुटली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या मनगटातच त्यांचा राग राहायचा. ते रागावले की उजवा हात हवेत चावी फिरवल्यासारखा फिरे. किती फेरे होतात त्यावरून आम्ही अंदाज बांधायचो. अर्धा फेरा म्हणजे रिक्षावाला नाही म्हणाला. पूर्ण फेरा म्हणजे कमिटीची मीटिंग. त्यांचं म्हणणं असं, "पाणी आणि राग, दोनय येळेर सोडूक व्हये. तुंबले की पाइप फुटता."

एरवी ते तुमच्या-आमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलायचे. राग आला की मालवणीत जायचे. आणि राग मालवणीच्याही पलीकडे गेला, की एकदम शाळेच्या पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलू लागायचे. तो टप्पा मी पंचवीस वर्षांत दोनदाच पाहिला.

त्यांची दुसरी सवय वहीची. नोकरीत असताना कोणती चावी किती फेरे फिरवली ते वहीत लिहावं लागे. बाकीचे चावीवाले आठवड्याची वही शनिवारी चहा पिता पिता भरून टाकत. तात्या रस्त्यातच, झाकणाशेजारी उकिडवे बसून लिहीत. एकदा ते स्वतःच उशिरा पोचले, तर त्यांनी स्वतःच्याच वहीत लिहिलं, "पाणी वीस मिनिटे उशिरा. चूक माझी." साहेबाने ते वाचून त्यांना ताकीद दिली आणि शेजारी उभ्या असलेल्या क्लार्कने कपाळावर हात मारला. तात्यांचा नियम एकच होता, "जा हातातसून गेला, ता लिवचा." हा नियम ध्यानात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच फिरणार आहे.

आता बाटलीकडे येतो. आमची इमारत उभी राहण्याआधी इथे चाळी होत्या, गिरण्यांतून उठून आलेल्या मालवणी लोकांच्या. चाळी पडल्या, पण मागच्या बाजूला झाडाखाली राखणदाराचा दगड होता, तो बिल्डरला हलवता आला नाही. म्हणजे हलवणारा माणूसच मिळाला नाही. आज त्याच्या एका बाजूला ट्रान्सफॉर्मर आहे आणि दुसऱ्या बाजूला विजेवर चालणाऱ्या स्कूटरी. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. एक कोंबडा, एक दारूची बाटली आणि गाऱ्हाणं, की बाबा, वाडीवर लक्ष ठेव. वाडी आता चौदा मजल्यांची आहे, पण गाऱ्हाण्यात वाडीच.

पूर्वी ही बाटली आणायचं काम तात्यांचा चुलतभाऊ बाबल्या करायचा. दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं लिव्हर अजून कोणी तपासलेलं नाही, त्यामुळे ते उत्तम आहे. एका वर्षी बाटली दगडावर ओतली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की वास जेमतेमच येतोय. बाबल्याने वाटेत निम्मी रिकामी करून पाणी भरलं होतं. त्याच आठवड्यात पाण्याची मोटर जळली. मोटर जुनीच होती, पण आमच्या इमारतीत एवढा पुरावा पुरतो. तेव्हापासून बाटली तात्यांकडे. वर्षातून एकदा ते स्टेशनजवळच्या दुकानाच्या रांगेत उभे राहायचे, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी यायचे. तिचं बूच राखणदारासमोरच उघडायचं.

त्यांनी स्वतः का घेतली नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आरे कॉलनीत त्यांच्या मेहुण्याकडे गेलो होतो. परत येताना बस झाडीत बंद पडली, म्हणून चालत होतो. "बापाक खांद्यारसून घराक आणलंय, किती येळा ता माका म्हायत नाय. गिरण बंद झाली तसो तो सुटलो. शेवटाक रगत ओकलो. तेव्हा आवशीच्या डोक्यार हात ठेवून सांगलंय." आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, एवढंच. मग बसला शिव्या दिल्या.

अशा माणसाला, महाराज, लिव्हरचा आजार झाला.

पाय सुजले, पोट जड वाटू लागलं, म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, त्यांना घेऊन मुलुंडच्या हॉस्पिटलात गेल्या. मीही होतो. पोटावर टिकटिक करणारं एक यंत्र फिरवलं आणि डॉक्टर म्हणाले, लिव्हर कडक झालंय. पुढचा प्रश्न होता, "किती वर्षं पिताय?"

तात्यांचा हात फिरू लागला. मी मोजत होतो. दोन, तीन.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट समजावलं. वर्षानुवर्षांची साखर, पोटाचा घेर, चरबी लिव्हरमध्ये साठत जाते आणि न पिणाऱ्याचंही लिव्हर पिणाऱ्यासारखंच होतं. "भात जास्त खाता का?"

"म्हणजे मी भाताचो बेवडो," तात्या म्हणाले.

डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितलं, की पूर्वी या आजाराच्या नावातच 'दारूमुळे न झालेला' असं होतं. आता जगभरच्या डॉक्टरांनी मिळून ते नाव बदललं, कारण त्या नावामुळेसुद्धा लोकांना कमीपणा यायचा. तात्यांना ही गोष्ट औषधापेक्षा जास्त आवडली. परत येताना रिक्षात म्हणाले, "बरोबर केल्यानी. मी चोर नाय, असा कोणी दारार येवन सांगल्यान, तर लोक पयलो तेचोच खिसो तपासतले."

नाव जगात बदललं. ए विंगमध्ये नाही. बाबल्याने आठवड्यात बातमी फिरवली, "लिव्हर गेला म्हणजे काय ता समजा. दर वर्षी दुकानाच्या रांगेत दिसता, ता काय देवासाठीच?" ज्याच्यामुळे तात्या त्या रांगेत उभे राहत होते, त्यानेच हे म्हणावं. आणि लोकांनी ते मानलं. बायका काकींना लिफ्टमध्ये हळू आवाजात विचारू लागल्या, "आता तरी सोडली का हो?" चौथा मजला येईपर्यंत काकी लिफ्टच्या बटणांकडे बघत राहायच्या.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. गणपतीत खाली हॉलमध्ये बसलो असताना बाबल्याने तात्यांची नक्कल केली. वाईट केली. मला वाईट अभिनय बघवत नाही. मी उठलो आणि करून दाखवली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, तिरकी चाल, सगळं. हशा झाला. वळून बघतो तर तात्या दारात. ते म्हणाले, "नाटक्या, बाटली अशी धरीत नाय. दोन्ही हातांनी धर." आणि वर निघून गेले. हात फिरवला नाही. मी त्या दिवसापासून आजपर्यंत कोणाची नक्कल केलेली नाही. माझ्यासारख्या माणसासाठी हे उपोषण आहे.

पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, औषधाच्या एका अभ्यासात भाग घ्याल का. लिव्हर कडक होणं थांबवणारं एक नवीन औषध तपासत होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. तात्यांना हे पटेना. "डॉक्टराक म्हायत नाय, माका म्हायत नाय. मगे गोळयेक तरी म्हायत आसा काय?" पण संमतीचं जाड बाड त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि सही केली. "उपेग झालो तर झालो," मला म्हणाले. "नाय तर माझ्या मागसून येणाऱ्याक होईल. आणि एक कागद तयार होईल, तेच्यार लिवलेला आसात, हो पीत नाय."

त्यांना काय हवं होतं ते हे. गोळी नव्हे. कागद.

अभ्यासाचं काम बघणाऱ्या बाई नागपूरकडच्या होत्या, पन्नाशीच्या. तात्या त्यांना फायलीवाल्या मॅडम म्हणायचे. त्यांनी तात्यांना डायरी दिली. रोज लिहायचं, गोळी कधी घेतली, काय खाल्लं, पोट कसं आहे. एक रकाना होता 'मद्य', त्याच्यापुढे 'प्रमाण', त्याच्यापुढे 'शेरा'. ओपीडीच्या बाकावर बाकीचे पेशंट तीन-तीन महिन्यांची डायरी एका बैठकीत भरायचे, एकाच पेनाने, एकमेकांचं बघून. तात्यांची रोज वेगळ्या शाईची. पहिल्या दिवशी मद्याच्या रकान्यात 'नाही'. नवव्या दिवशी 'आजही नाही'. महिन्याने 'नाही. पुन्हा विचारू नये.' दुसऱ्या महिन्यात 'नाही. विचारणाऱ्याने स्वतःचे लिहावे.' मॅडम ते पान डॉक्टरांना नेऊन दाखवायच्या आणि दोघं दार लावून हसायचे.

आणि मग राखण आली.

तात्या नेहमीप्रमाणे रांगेत उभे राहिले, बाटली आणली, दगडापाशी उघडली, ओतली. घरी आले, हात धुतले आणि डायरी उघडली. जे हातातून गेलं ते लिहायचं. मद्य : होय. प्रमाण : एक बाटली. शेरा : राखणदारास.

जगातल्या दुसऱ्या कुठल्या माणसाने हे लिहिलं असतं? मी तर खरोखर प्यायलेल्या बाटल्या माझ्या डॉक्टरांना सांगत नाही.

डायरी जमा केली त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्याच कोणी ती कॉम्प्युटरमध्ये चढवली. कॉम्प्युटरला प्रमाणाचा रकाना होता. शेऱ्याला जागाच नव्हती. दोन महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा मॅडमनी गोळ्यांचा डबा पुढे केला नाही.

"तात्या, तुमच्या गोळ्या थांबवाव्या लागतायत."

"कित्याक? संपल्यो?"

"नाही. अभ्यासात मद्य चालत नाही. तुमच्या नावावर एक बाटली नोंदली गेली आहे."

मी तात्यांच्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर पडून होता. मग ते बोलले, "मॅडम, कृपया शेरा वाचावा." शुद्ध मराठी. मी खुर्ची मागे सरकवली.

मॅडमनी मूळ डायरी काढून वाचलं. "राखणदारास. म्हणजे वॉचमनला दिलीत का?"

तात्या म्हणाले, "तो आपल्या सर्वांचा वॉचमन आहे. तो दगडात असतो. मी त्याला बाटली वाहिली. मी तिचं झाकण उघडताना तोंड दुसरीकडे केलं होतं. हे लिहायला रकाना नव्हता. माझं रक्त काढा आणि तपासा."

"इतक्या दिवसांनी रक्तात काही सापडत नाही, तात्या. पण माझा विश्वास आहे तुमच्यावर. डॉक्टरांचाही आहे."

"तुमचा असून उपयोग नाही. कागदाचा पाहिजे."

तिथून चार महिने तात्या दर मंगळवारी मुलुंडला जाऊन ओपीडीच्या बाकावर बसले. काही मागायचे नाहीत. नुसते बसायचे आणि चावी फिरवायचे. मॅडम चहा द्यायच्या, तो घ्यायचे. औषधाची कंपनी परदेशात. त्यांना पत्र पाठवायचं ठरलं आणि ते इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. राखणदार ही वस्तू इंग्रजीत लिहून बघा एकदा. मी लिहिलं की हा एक अदृश्य रक्षक असून तो इमारतीच्या मागे राहतो आणि वर्षातून एकदा मद्य स्वीकारतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की सदर रक्षकसुद्धा अभ्यासात सहभागी आहे काय, असल्यास त्याचा क्रमांक कळवावा.

मी हे तात्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "हसतंस काय? तेका क्रमांक गावलो, माका गावलेलो तो गेलो."

मॅडम मात्र चिवट निघाल्या. फोन, पुन्हा पत्रं, डॉक्टरांची सही, आणि शेवटी एका मंगळवारी त्यांनी तात्यांना आत बोलावलं. दुरुस्ती मंजूर झाली होती. त्यांनी मूळ डायरी टेबलावर ठेवली, 'एक बाटली'वर एकच आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं 'धार्मिक विधीत अर्पण, सेवन नाही', तारीख घातली, सही केली.

तात्या वाकून बघत होते. "ह्या काय? खोडलेला वाचूक येता मां. पुरा काळा करा."

"तसं करता येत नाही, तात्या. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे. एक रेघ, कारण, सही. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, काहीतरी लपवलंय."

तात्यांचा हात उचलला गेला होता. मग तो हळूच खाली आला. "वहीत मीपण कधी खोडलंय नाय," ते म्हणाले. "वीस मिनिटं उशीर. तसाच ठेवलंय." त्यांनी पेन मागितलं आणि मॅडमच्या सहीखाली स्वतःची सही केली. तिथे त्यांच्या सहीची गरज नव्हती. मॅडमनी करू दिली.

पण अभ्यासात परत घेतलं नाही. गोळ्या इतके दिवस बंद राहिल्या की पुन्हा सुरू करता येत नाहीत, असा नियम. चूक कॉम्प्युटरची, शिक्षा तात्यांची. मी तिथे जे काही बोललो ते छापता येणार नाही. तात्यांनीच मला दंडाला धरून बाहेर आणलं. ती गोळी खरी होती की पिठाची, तेही आम्हाला कळलं नाही. अभ्यास अजून चालू आहे, कोणाला कोणती गोळी ते सांगणारं पाकीट अजून बंद आहे. त्या गोळीने तात्या वाचले असते असं मी म्हणत नाही. पण भांडायला काहीतरी हातात राहू द्यायला हवं होतं.

त्या दुरुस्तीच्या पानाची एक प्रत मॅडमनी तात्यांना दिली. ती त्यांनी काकींना दिली. काकींनी ती डाळीच्या डब्याखाली ठेवली, जिथे त्या रेशनकार्ड ठेवतात. बाबल्यापर्यंत मात्र एवढंच पोचलं होतं की तात्याला पिताना पकडून हॉस्पिटलने हाकललं. दुरुस्ती जिना चढत नाही. बातमी लिफ्टने जाते.

पुढच्या वर्षी पोटात पाणी भरलं. ते दोनदा काढलं. तिसऱ्या वेळी रक्ताची उलटी झाली, बापासारखीच. मी शेजारी होतो. डोळ्यांनी मला म्हणाले, बघितलंस. तोंडाने म्हणाले, "लोक म्हणतले, शेवटी बापावर गेलो." हात फिरवायचा प्रयत्न केला. अर्धा फेराही झाला नाही. त्याच आठवड्यात गेले. स्मशानात माझ्या मागे दोघं जण उभे होते. एक म्हणाला, माणूस चांगला होता रे, पण लिव्हर गेलं ना. दुसरा म्हणाला, हो, मग काय. तो 'मग काय' माझ्या कानात अजून आहे, आणि म्हणून ती नोटीस.

तात्या गेल्यानंतरची पहिली राखण गेल्या महिन्यात झाली. मी तयारीनिशी गेलो होतो. दुरुस्तीच्या पानाची प्रत काकींकडून मागून घेतली होती, खिशात भाषण होतं, पाच पानी, दोन ठिकाणी आवाज चढवायचा असं समासात लिहिलेलं. आज सगळ्या विंगसमोर वाचायचं, मग काय व्हायचं ते होवो. काकीही खाली आल्या होत्या, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला उभ्या होत्या.

कोंबडा आला. बाटली नव्हती. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, बाटली कोण आणता? सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी माझं नाव घेतलं. म्हातारा म्हणाला, "तो शनवारी घेता." हे खरं आहे. दुसऱ्या एकाचं नाव निघालं, त्याची बायकोच हसली. तिसऱ्याने स्वतःच मान हलवली. मग म्हाताऱ्याने बाबल्याकडे पैसे धरले. जवळचा नातेवाईक तोच.

मी खिशातलं भाषण बाहेर काढलं. पहिलं वाक्य तोंडात आलंच होतं. तेवढ्यात बाबल्या दोन पावलं मागे सरकला, स्कूटरला अडखळला आणि काकींकडे बघत एवढ्या मोठ्याने बोलला, की चौदाव्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा खाली बघू लागली.

"माझ्या हातात नको ती. तात्या होतो, म्हणान देवाक भरलेली बाटली गावत होती."